आधी फरशी, मग व्यायाम: कुत्र्या-मांजरांची घरच्या घरी फिजिओथेरपी

म्हातारा लॅब्रॅडोर उठताना एकदा नीट बघा. आधी पुढचे पाय टेकतो, छाती वर घेतो, मग मागचा भाग उचलायला जोर लावतो. नेमके तेव्हाच मागचे पंजे गुळगुळीत टाइल्सवर बाहेरच्या बाजूला सरकतात. तो परत बसतो, थोडा थांबतो, परत जोर लावतो. दिवसातून वीसेक वेळा हे होत असेल, तर सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं करून घेतलेला व्यायाम त्याला पुरणार नाही. मांडीचे आतले स्नायू रोज ताणले जातात, सांधा रोज दुखावतो आणि आपण म्हणत राहतो की गुण येत नाही. इंदूरच्या घरांत तर हे फारच दिसतं. रामबाग, नारायण बागेतल्या जुन्या घरांत घोटून गुळगुळीत झालेला कोटा, नव्या फ्लॅटमध्ये चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. दोन्हींवर कुत्र्याच्या पंज्याला पकड मिळत नाही. म्हणून सुरुवात फरशीपासून.

सगळं घर झाकायची गरज नाही. तो झोपतो तिथून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत एक सलग वाट करा. साधी योगा मॅट सुमारे ६ फूट लांब आणि २ फूट रुंद असते. तीन-चार मॅट टोकाला टोक जोडून चिकटपट्टीने बसवल्या की वाट झाली. सुटी पायपुसणी आणि सतरंजीचे तुकडे मात्र टाकू नका, ते कुत्र्यासकट सरकतात. परीक्षा सोपी आहे: पायात मोजे घालून मॅटवर उभे राहा आणि पाय बाजूला ढकला. मॅट हलली, तर कुत्राही घसरणार.

मग नखं. चालताना फरशीवर टकटक ऐकू येत असेल तर नखं वाढली आहेत. लांब नखामुळे बोट वर उचललं जातं आणि पंज्याची गादी जमिनीला पुरती टेकत नाही. ल्हासा, पॉमेरेनियन, गोल्डन यांच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीला आणून कापा, कात्री बोथट टोकाची घ्या. झोपायला ३-४ इंच जाडीचा घट्ट फोम हवा. माळव्यात जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो, आणि गार फरशीवर रात्र काढलेला सांधेदुखीचा कुत्रा सकाळी लाकडासारखा आखडलेला असतो. लोक सांध्यांचं टॉनिक आधी आणतात आणि मॅट सर्वांत शेवटी. आमच्या मते हा क्रम उलटा असायला हवा, कारण मॅटचा फरक पहिल्याच दिवशी दिसतो.

निदान झाल्याशिवाय हात लावू नका

लंगडणं हे लक्षण आहे, आजार नव्हे. मोठ्या जातीच्या तरुण कुत्र्यात खुब्याचा सांधा उथळ असू शकतो, मध्यमवयीन वजनदार कुत्र्यात गुडघ्याचा लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा) तुटलेला असू शकतो, पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्र्यात गुडघ्याची वाटी सरकत असते, डॅशहुंडमध्ये मणक्यांमधली चकती बाहेर आलेली असते. बाहेरून सगळे सारखेच लंगडताना दिसतात, पण उपचार एकमेकांच्या विरुद्ध असू शकतात. चकतीच्या दुखण्यात शस्त्रक्रिया करायची नसेल, तर ४ ते ६ आठवडे पिंजऱ्यात कडक विश्रांती लागते. खुब्याच्या सांधेदुखीवाल्या कुत्र्याला तेवढेच आठवडे बांधून ठेवलं, तर मांडीचे स्नायू आटतात आणि तो आणखी लंगडतो.

म्हणून एक्स-रे आणि तपासणी आधी. इंदूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात खासगी दवाखानेही आहेत. डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारून लिहून घ्या: नेमका कोणता सांधा, कोणती हालचाल पूर्ण बंद, आणि किती आठवडे. ताप, उघडी जखम, न जुळलेलं हाड, अचानक आलेली गरम सूज यांपैकी काहीही असेल तर मालिश आणि व्यायाम दोन्ही थांबवा. काल चालणारा कुत्रा आज मागचे दोन्ही पाय ओढत असेल, तर घरी शेक देत बसू नका. त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, डॉक्टरांकडे न्या. मणक्यावरचा दाब किती लवकर निघतो यावर पाय परत येणं अवलंबून असतं.

आणि घरच्या औषधांच्या डब्याला कुलूप लावा. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. दुखणं कमी करायची औषधं त्यांची वेगळी असतात आणि मात्रा वजनावर ठरते. ती डॉक्टरांनी दिली असतील तर व्यायामाआधी वेळेवर द्या. दुखत्या अंगाने करून घेतलेला व्यायाम स्नायू वाढवत नाही, कुत्र्याला फक्त तुमच्या हाताची धास्ती बसते.

वजन

४८ लॅब्रॅडोर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांचा जन्मभर अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं गेलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणारे कुत्रे सुमारे १.८ वर्षं जास्त जगले, आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. सांधेदुखीच्या लठ्ठ कुत्र्याचं वजन ६ ते ८ टक्क्यांनी उतरलं तरी लंगडणं कमी झालेलं डोळ्यांना दिसतं. ४० किलोच्या कुत्र्यात हे जेमतेम ३ किलो झालं.

वजन बरोबर आहे का ते हाताने कळतं. आपल्या हाताच्या पंज्याच्या पाठीवरून बोटं फिरवा: हाडं जशी पातळ कातडीखाली लागतात, तशा बरगड्या लागायला हव्यात. शोधाव्या लागल्या तर वजन जास्त. रविवारच्या पोह्यांतला घास त्याच्यापुढे टाकू नका. कांदा कुत्र्याच्या आणि मांजराच्या रक्तपेशी फोडतो, आणि शेव-जिलबीने काय वाढतं हे सांगायला नको. व्यायामाच्या वेळी बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे, गाजराच्या किंवा काकडीच्या चकत्या पुरतात. जेवढं बक्षीस दिलं तेवढं जेवणातून कमी करा.

मोजमाप

पहिल्या दिवशी दोन गोष्टी नोंदवा. शिंप्याची टेप घेऊन, कुत्रा चारही पायांवर सरळ उभा असताना, दोन्ही मांड्यांचा घेर जांघेजवळ मोजा. दर आठवड्याला मोजणारी व्यक्ती तीच हवी, नाहीतर टेप कोण किती आवळतो यावरच आकडा बदलतो. दुसरं, मोबाइल कुत्र्याच्या कमरेच्या उंचीवर धरून दहा पावलं बाजूने आणि दहा पावलं मागून, हळू चालीचा व्हिडिओ घ्या. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर उचललं जातं. मागचा दुखत असेल तर कंबर त्या बाजूला वर-खाली जास्त हलते. कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं आणि मागे दुखलं की तो आणखी पुढे कलतो. म्हणून कमरेच्या आजारात खांदेही आखडलेले सापडतात. मालिश करताना त्यांना विसरू नका.

शेक आणि मालिश

शस्त्रक्रिया किंवा ताजी दुखापत असेल तर पहिले ७२ तास फक्त थंड शेक. बर्फाचा चुरा पिशवीत, पिशवी ओलसर फडक्यात, १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. जुन्या आखडलेल्या सांध्याला गरम शेक, तेवढाच वेळ. गरम पिशवी टॉवेलात गुंडाळून आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला पूर्ण एक मिनिट धरा. ती तुम्हाला नुसती सुखद वाटली पाहिजे. ज्या कुत्र्याच्या पायात संवेदना नाही त्याला गरम शेक देऊच नका. भाजलं तरी त्याला कळणार नाही आणि तो पाय काढून घेणार नाही.

मालिश म्हटलं की आपल्या घरात तेलाची वाटी येते. इथे तेल नको, बामही नको. दोन्ही तो चाटून पोटात घेईल, आणि बाममधले काही घटक मांजराला विषारी असतात. कोरड्या हाताने पंज्याकडून वर, हृदयाच्या दिशेने, लांब आणि हलके हात फिरवा, दोन मिनिटं. मग मांडीचा आणि खांद्याचा मांसल भाग बोटांत धरून, भाकरीचं पीठ मळतो त्याच्या निम्म्या जोराने, दोन-तीन मिनिटं मळा. हाडांवर, कण्यावर आणि टाक्यांवर दाब द्यायचा नाही.

सांध्याची हालचाल: गुडघा धरायचा कसा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. कुत्र्याला चांगल्या बाजूवर आडवं करा, दुखरा पाय वर. एका हाताचा तळवा गुडघ्याच्या जरा वर, मांडीखालून. दुसरा हात घोट्याच्या जरा वर, नडगीखालून. दोन्ही हात सांध्याजवळ हवेत. पंजा धरून पाय ओढला तर सगळा ताण गुडघ्याच्या लिगामेंटवर येतो. पूर्ण पाय जमिनीला समांतर राहील इतका उचलून धरा. पाय खाली लोंबला की खुब्याला पीळ बसतो, कुत्रा कण्हतो आणि आपल्याला वाटतं गुडघा दुखतोय.

आता सावकाश मिटा, टाच ढुंगणाकडे जाईल अशी. अडथळा जाणवला की तिथेच दोन-तीन सेकंद थांबा, मग तितक्याच सावकाश उघडा. एक फेरी पाच-सहा सेकंदांची, अशा १०, दिवसातून दोन-तीन वेळा. निरोगी लॅब्रॅडोरचा गुडघा साधारण ४० अंशांपर्यंत मिटतो आणि १६० अंशांपर्यंत उघडतो. शस्त्रक्रियेनंतर मिटण्यात थोडी कसर राहिली तर फारसं बिघडत नाही, पण उघडण्यातली कसर चालण्यात लगेच दिसते, त्यामुळे तिकडे लक्ष जास्त द्या. खुब्याचं उलट आहे. खुबा उथळ असलेल्या कुत्र्याचा पाय मागे ताणायचा नाही, तीच हालचाल त्याला सर्वांत जास्त दुखते.

कुत्रा ओरडेपर्यंत थांबायचं नसतं. ओठ चाटणं, श्वास रोखणं, मान वळवून तुमच्या हाताकडे बघणं, मांडीचा स्नायू तुमच्या तळव्याखाली टणक होणं, ही त्याची भाषा. यातलं काहीही दिसलं की हालचाल तिथून थोडी मागे घ्या. एवढं मात्र ध्यानात असू द्या: या हालचालीने सांधा मोकळा राहतो, स्नायू तयार होत नाही. स्नायूसाठी त्याने स्वतः पायावर वजन घ्यायला हवं.

वजन पेलायला शिकवणं

पहिला टप्पा नुसतं उभं राहणं. मॅटवर चारही पाय चौकोनात, तुमचे दोन्ही हात त्याच्या कमरेवर. हलकेच डावीकडे दाबा, तो तोल सावरेल, मग उजवीकडे. दहा वेळा. हे जमलं की चांगला मागचा पाय पाच सेकंद उचलून धरा. उजवा मागचा दुखत असेल तर डावा मागचा. मग दुखऱ्या पायावर वजन टाकण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही.

दुसरा टप्पा ऊठ-बस, आणि घरी करण्यासारख्या व्यायामांत आम्ही याला पहिला मान देऊ. दुखरा पाय भिंतीकडे ठेवून कुत्र्याला भिंतीलगत बसवा. भिंतीमुळे तो पाय बाहेर फेकून बसू शकत नाही. दोन्ही गुडघे पोटाजवळ, दोन्ही टाचा शेपटीखाली, अशी बैठक झाली तरच मोजायची. मग तुकडा नाकाशी धरून किंचित पुढे आणि वर न्या. त्याने मागच्या दोन्ही पायांनी रेटून उठायला हवं. पुढचे पाय टाकत स्वतःला ओढून उठला, तर तुमचा हात फार पुढे गेलाय. फारच अशक्त असेल तर ४ इंच उंच घट्ट उशीच्या कडेवर बसवून सुरुवात करा, उठायचं अंतर कमी होतं. पाच वेळा, दिवसातून दोनदा. दर तीन-चार दिवसांनी एक-दोन वाढवत १० ते १५ पर्यंत जा.

तिसरा टप्पा आडव्या काठ्यांचा. एक इंची पीव्हीसी पाइपचे ३ फुटांचे पाच तुकडे घ्या. दोन काठ्यांमधलं अंतर साधारण कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीएवढं. पहिला आठवडा पाइप जमिनीवरच राहू द्या. मग प्रत्येक टोकाखाली आडवी वीट, म्हणजे सुमारे ३ इंच. पुढच्या पायाच्या मनगटापेक्षा काठी उंच नको. पट्टा सैल सोडून हळू चालवा, काठीवर पाय आपटतोय की उचलतोय ते बघा. उड्या मारायला लागला तर वेग जास्त आहे.

चढासाठी लांब जायला नको. आपल्याकडे फाटकापुढे स्कूटर चढवायला जो उतार केलेला असतो, तो चालतो. चढताना वजन मागच्या पायांवर जातं, उतरताना पुढच्या. म्हणून पुढचा पाय दुखत असेल तर उतार टाळा. मार्चनंतर हे सकाळी सातच्या आत उरका. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर पंजाही टेकवता येणार नाही.

किती करायचं याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. झोपेतून उठल्यावर पहिली दहा पावलं बघा. कालपेक्षा जास्त लंगडत असेल तर आज पूर्ण विश्रांती आणि उद्यापासून सगळं निम्मं. कालच्याइतकाच किंवा बरा असेल तर तेच प्रमाण तीन दिवस चालू ठेवून मग वाढवा. वाढवायचं ते एका वेळी एकच: वेळ वाढवली तर उतार वाढवायचा नाही.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर

तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर साधारण असा क्रम धरा. पहिले दोन आठवडे शी-शूपुरतं पाच मिनिटं चालणं, दिवसातून तीन-चार वेळा, पट्ट्यावर. सोबत सांध्याची हालचाल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चालणं दहा मिनिटांवर, उभ्याने तोल सावरणं आणि ऊठ-बस सुरू. पाचव्या ते आठव्या आठवड्यात १५ ते २० मिनिटं, काठ्या आणि चढ. हाड कापून केलेली शस्त्रक्रिया असेल तर आठव्या आठवड्याच्या सुमारास एक्स-रे, आणि तो बघून डॉक्टर सांगतील तेव्हाच पुढे. मोकळं सोडणं साधारण १२ आठवड्यांनंतर, तेही हळूहळू.

धोका तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असतो. दुखणं गेलेलं असतं, हाड जुळलेलं नसतं, दारावरची घंटा वाजते आणि कुत्रा सोफ्यावरून झेप घेतो. शस्त्रक्रियेत आत बसवलेली धातूची पट्टी किंवा दोरा त्या एका उडीत निकामी होऊ शकतो. या काळात घरातही हार्नेस अंगावर ठेवा, हॉलच्या तोंडाशी जाळी लावा. दिवाळीच्या फटाक्यांत किंवा रंगपंचमीच्या गेरच्या (मिरवणुकीच्या) गलक्यात त्याला आतल्या खोलीत, तुमच्यापैकी कुणाच्या तरी शेजारी ठेवा.

पाण्यातल्या ट्रेडमिलबद्दल बरेच जण विचारतात. पाणी खुब्यापर्यंत असेल तर कुत्र्याच्या पायांवर त्याच्या वजनाचा सुमारे ३८ टक्केच भार येतो, गुडघ्यापर्यंत असेल तर ८५ टक्के. म्हणून खोली महत्त्वाची. शेततळ्यात किंवा टाकीत सोडणं हा त्याला पर्याय नाही. घाबरून हातपाय मारताना सांधा कुठे कसा वळतोय हे कुणाच्याच ताब्यात राहत नाही.

मागचे पाय चालत नसतील तर

जुन्या सुती लुगड्याची चौघडी करून पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घ्या आणि दोन्ही टोकं वर धरा. नर असेल तर पट्टी लघवीच्या जागेवर येऊ देऊ नका. कमरेला आधार द्या, पण तिला हवेत उचलू नका. पंजे जमिनीला लागले पाहिजेत, उलटे पडत असतील तर दर पावलाला सरळ करून टेकवा. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन मिनिटं. आडवा असताना बोटांच्या मधल्या कातडीला हलकी गुदगुली करा. पाय आक्रसून घेतला तर तो स्नायूचा व्यायामच आहे, पण नुसता आक्रसला म्हणजे संवेदना आली असं समजू नका. त्याने मान वळवून बघितलं, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दर चार तासांनी कूस बदला. खुब्याचं टोक, कोपर, घोटा इथली कातडी रोज बघा. लाल झाली की तिथे जखम होणारच. मूत्राशय रिकामं करायची पद्धत डॉक्टरांच्या हाताखाली शिका आणि दिवसातून तीन-चार वेळा करा. थेंब-थेंब लघवी गळतेय म्हणजे मूत्राशय रिकामं होतंय असं नसतं, बरेचदा ते तुडुंब भरून वाहत असतं.

मांजर

मांजर लंगडत नाही, ते बेत बदलतं. ओट्यावर एका उडीत जाणारी मनी आधी खुर्चीवर, मग ओट्यावर जायला लागते. पाठीवरचे केस गुंतू लागतात, कारण मान तिथपर्यंत वळत नाही. ट्रेच्या बाहेर घाण करते, आणि आपण रागावतो. १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले तेव्हा ९० मांजरांत सांध्यांची झीज सापडली होती. तेव्हा म्हातारपणाचा हट्ट म्हणून सोडून देऊ नका.

तिला आडवं पाडून पाय हलवायला जाऊ नका आणि मानगूट तर धरूच नका. एकदा भ्यायलेली मनी आठवडाभर पलंगाखालून निघत नाही. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको. काठीला दोरी, दोरीला पीस बांधा आणि ते उशांच्या ओळीवरून सावकाश ओढा. मऊ उशीवर चालताना तोल सावरायचा व्यायाम आपोआप होतो. पीस हळूहळू वर न्या, ती पुढचे पाय भिंतीला टेकून ताठ उभी राहील, म्हणजे मागच्या पायांवर वजन आलं. झेप घ्यायला लावू नका. खेळ झाला की दोरी उचलून ठेवा, मांजरं ती गिळतात.

तिच्या आवडत्या खिडकीपर्यंत १५-२० सेंटिमीटर उंचीच्या पायऱ्या करा, जुनी लाकडी खोकी आणि वर घट्ट बसवलेली मॅटची पट्टी एवढं पुरे. ट्रेची एक बाजू कापून आत शिरायची उंची ७-८ सेंटिमीटरवर आणा, कापलेल्या कडेला जाड चिकटपट्टी लावा. ट्रे, पाणी आणि झोपायची जागा एकाच मजल्यावर ठेवा.